नुसतं "चक्कर येते" सांगू नका: कूस बदलताना घर फिरतं तेव्हा नेमकं काय करायचं

आईला पहिल्यांदा घर फिरलं ते पहाटे, उजव्या कुशीवर वळताना. तिने घाबरून पलंगाची कड घट्ट धरली, डोळे मिटले तरी फिरायचं थांबेना, आणि अर्ध्या मिनिटात जसं सुरू झालं तसंच थांबलं. उठून बसली तर परत. नंतर उलटी. आम्हाला वाटलं बीपी वाढलं. फॅमिली डॉक्टरांनी बीपी बघितलं, नॉर्मल होतं, चक्करेच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी बरं वाटलं आणि महिन्याने पुन्हा तेच. मग कोणीतरी म्हणालं मानेचं असेल, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसले, मानेला पट्टा लागला. पट्टा लावून ती चार महिने वावरली. मग मेंदूचा एमआरआय, तोही नॉर्मल. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "वय झालंय, टेन्शन घेऊ नका, मन रमवा." त्या दिवशी घरी येताना रिक्षात आई काहीच बोलली नाही, आणि रात्री म्हणाली, "मी नाटक करते असं वाटतं का रे त्यांना?" ते वाक्य अजून मला टोचतं.

सगळं मिळून पावणेदोन वर्षं गेली. मग एका तरुण कान-नाक-घसा डॉक्टरांनी आईला टेबलवर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि पटकन मागे झोपवलं. आईची बुबुळं गोल गोल उडायला लागली आणि ती ओरडली, "हेच, हेच होतं मला!" पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी डोकं तीन-चार वेळा वेगवेगळ्या बाजूंना वळवलं आणि उठवून बसवलं. त्या रात्री आई उजव्या कुशीवर झोपली.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. आजाराचं नाव बीपीपीव्ही, म्हणजे कानाच्या आतले बारीक कण जागेवरून सुटल्याने येणारी गरगर. पन्नाशी-साठीच्या पुढे असं होणारी माणसं खूप आहेत, त्यात बायका जास्त, आणि बहुतेकांच्या फायलीत बुबुळं बघायची ती एक मिनिटाची तपासणी सोडून बाकी सगळं सापडतं.

आधी "चक्कर" या शब्दाची फोड करा

आपण मराठीत चक्कर हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि खरा घोळ इथेच सुरू होतो. डॉक्टरांच्या ओपीडीत पन्नास माणसं बसलेली असतात, आपल्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात, त्यात आपण "चक्कर येते" म्हटलं की त्यांच्या हातून चक्करेची गोळी लिहिली जाते. खरं तर आपल्याकडे शब्दांची कमी नाही, आजीच्या पिढीला ते नीट वापरता यायचे.

घर फिरतं, भिंती गरगरतात, पंखा बंद असून फिरल्यासारखा दिसतो, ही झाली घेरी किंवा गरगर. हिचा संबंध बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागाशी असतो. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडणार असं वाटतं, बसलं की बरं वाटतं, हे बहुतेकदा रक्तदाब उतरल्याचं लक्षण. चालताना झोक जातो, पाय कुठे पडतोय कळत नाही, पण झोपल्यावर काहीच नाही, हा तोलाचा प्रश्न, तो नसांचा, साखरेचा, गुडघ्याचा कशाचाही असू शकतो. आणि डोकं नुसतं हलकं हलकं वाटणं हे चौथं, ते कमी रक्तापासून अपुऱ्या झोपेपर्यंत कशानेही होतं.

मग वेळ बघा, आणि ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. गरगर किती वेळ टिकते? माणूस म्हणतो "दिवसभर चक्कर होती", पण नीट विचारलं तर प्रत्यक्ष फिरणं अर्धा मिनिट असतं आणि बाकी दिवस मळमळ आणि भीती. एका मिनिटाच्या आत थांबते आणि दर वेळी डोकं विशिष्ट प्रकारे हलवल्यावरच येते, म्हणजे कूस बदलताना, झोपताना, उठताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना, दोरीवर कपडे घालताना, देवळाचा कळस बघायला मान वर केली की, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत मागे झुकलं की, तर हे आईच्या आजाराचं अगदी ठरलेलं वर्णन झालं. वीस मिनिटांपासून काही तास टिकते, सोबत एका कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येतं, तर मेनिएर नावाचा वेगळा आजार असू शकतो. एक-दोन दिवस अजिबात थांबत नाही आणि सर्दी-तापानंतर सुरू झाली, तर कानाच्या नसेची सूज असू शकते. डोकेदुखीचा, उजेड सहन न होण्याचा इतिहास असेल तर मायग्रेनचीही घेरी असते.

अंधारीवाल्यांसाठी घरचीच एक तपासणी सांगतो. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच कमी पितात ते, यामुळे हे फार होतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून देतात.

ही लक्षणं दिसली तर बाकी सगळं सोडून हॉस्पिटल

गरगरीसोबत बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, घास-पाणी गिळता येईना, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी-मानदुखी अचानक सुरू झाली, तर तो मेंदूचा झटका (पक्षाघात, स्ट्रोक) असू शकतो. मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे अजिबात नको, १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच असतो. छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं, तेव्हाही हेच. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, तिथे उपचार लवकर सुरू झाले तरच जास्त उपयोग होतो, मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका.

कानात होतं तरी काय

आपल्या कानाच्या अगदी आत तोल सांभाळणारं यंत्र आहे. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका पडद्यावर चिकटलेले असतात. वयाने, डोक्याला मार लागल्याने, कधी बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने, तर कधी काही कारण न सापडता हे कण सुटतात आणि शेजारच्या तीन अर्धगोल नळ्यांपैकी एकीत जातात. नळीत द्रव असतो. आपण डोकं हलवलं की कण घरंगळतात, द्रव हलतो, आणि मेंदूला वाटतं डोकं गरगर फिरतंय. कण तळाला बसले की फिरणं थांबतं, म्हणूनच ते मिनिटभरच टिकतं. हाच तो बीपीपीव्ही, डॉक्टर ओपीडीत पेशंटला सांगताना "कानातले खडे सरकलेत" म्हणतात.

आता यावरून सरळ कळतं की गोळीने हे का बरं होत नाही. नळीत घुसलेले कण गोळी बाहेर काढू शकत नाही, ते डोकं ठरावीक क्रमाने वळवून बाहेर आणावे लागतात. ओळखायची तपासणी डिक्स आणि हॉलपाईक या दोघांनी १९५२ मध्ये मांडली, आणि कण परत जागेवर आणायची पद्धत अमेरिकेतले डॉ. जॉन एपली यांनी काढली, त्यांचा यावरचा प्रसिद्ध लेख १९९२ चा. म्हणजे हे काही कालपरवाचं नाही आणि याला मशीनही लागत नाही, टेबल आणि दोन हात पुरतात. पैसे लागत नाहीत, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी, आणि आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी झाली.

मानेबद्दल एक स्पष्ट सांगतो. पन्नाशीनंतर कोणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणके थोडेफार झिजलेले दिसणारच, चक्कर असो वा नसो. त्यामुळे "स्पॉन्डिलायटिसमुळे चक्कर" हे निदान ऐकलं की निदान एकदा तरी कानाची तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना

कान-नाक-घसा विभागात जा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हा विभाग असतोच, वेळ लागेल पण तपासणी होते. न्यूरॉलॉजिस्टही हे करतात, आणि मोठ्या शहरांत तोलाच्या त्रासावर काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत.

जाड फाईल टेबलवर ठेवू नका, ती कोणी वाचत नाही. अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहा, मी आईसाठी लिहिली होती ती अशी: "वय ६३. दोन वर्षांपासून घर फिरतं. उजव्या कुशीवर वळल्यावर आणि वर बघितल्यावरच. ३० सेकंद टिकतं. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही. शुद्ध जात नाही. एमआरआय नॉर्मल. सध्या चालू गोळ्या या या." डॉक्टरांनी ती दहा सेकंदांत वाचली आणि लगेच टेबलकडे बोट केलं. आधीच्या डॉक्टरांना आम्ही हेच सगळं पंधरा मिनिटं सांगत होतो, पण त्यात भाचीचं लग्न, उपास आणि बाहेरचं खाणं एवढं मिसळलेलं असायचं की कामाचं बाजूला राहायचं, त्यांचीही सगळी चूक होती असं मी म्हणणार नाही.

दुसरी युक्ती, घरी गरगर सुरू असताना मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढा, जवळून, उजेडात, डोळे उघडे ठेवायला सांगून. पेशंटला डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, पण बुबुळं कशी उडतात यावरून डॉक्टरांना कोणता कान आणि कोणती नळी हे कळायला मदत होते.

विचारायचं कसं, हा नाजूक भाग आहे. "मी नेटवर वाचलंय" अशी सुरुवात केली की समोरचा माणूस मिटतो. त्यापेक्षा, "डॉक्टर, झोपवून डोळे बघायची तपासणी असते ना, डिक्स हॉलपाईक, ती एकदा करून बघता का?" एवढंच म्हणा. नाही म्हणाले तर कारण विचारा, मानेचा गंभीर त्रास असेल तर कारण खरंही असू शकतं. नुसतं "गरज नाही" म्हणून परत गोळ्याच आल्या तर शांतपणे दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, भांडायची गरज नाही. तपासणीला जाताना चक्करेच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगा, त्यांच्यामुळे डोळ्यांतली हालचाल दबू शकते, आणि सोबत कोणीतरी हवंच, येताना गाडी स्वतः चालवायची नाही.

आधीच्या हॉस्पिटलात ॲडमिट झाला असाल आणि ते कागद देत नसतील तर लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्डची प्रत द्यावी लागते. आम्ही हा नियम अर्जातच लिहिला आणि प्रत मिळाली.

गोळ्यांचं काय

उलट्या थांबत नसतील तर दोन-तीन दिवस गोळी घ्यायला काही हरकत नाही, त्या वेळी ती लागतेच. पण प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना महिनोन् महिने दिल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. वर झोप येते, तोल आणखी जातो. बीटाहिस्टीन त्या मानाने सौम्य आहे आणि मेनिएरसाठी देतात, पण खडे ते हलवत नाही. घरात कोणी वर्षभर यातलं काही घेत असेल तर आजच चिठ्ठी काढून बघा आणि पुढच्या भेटीत "ही अजून चालू ठेवायची का, किती दिवस?" असं विचारा. हा प्रश्न आम्ही पावणेदोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

एपलीची पद्धत, घरी करायची तर

पहिल्यांदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या आणि कोणता कान ते लिहून घ्या, कारण चुकीच्या बाजूने केलं तर उपयोग नाही. मानेचं ऑपरेशन झालेलं, मानेत संधिवात, मानेच्या रक्तवाहिन्यांचा आजार, नुकताच झटका येऊन गेलेला, डोळ्याचा पडदा सरकलेला, अशांनी घरी करूच नये. नळी कोणती तेही महत्त्वाचं, बहुतेकांना मागच्या नळीत त्रास असतो आणि खालची पद्धत फक्त त्यासाठी आहे, आडव्या नळीसाठी वेगळी पद्धत असते.

पोट भरलेलं नको, शेजारी बादली आणि माणूस हवा. उजवा कान धरून सांगतो.

पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. डोकं ४५ अंश उजवीकडे वळवा, म्हणजे समोर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये नाक.

तसंच वळवलेलं ठेवून झटकन मागे आडवे व्हा. डोकं गादीला टेकेल, किंचित मागे कललेलं. इथे काही सेकंदांनी गरगर सुरू होईल, आणि घाबरून उठू नका, ती येणारच आहे, उलट ती आली म्हणजे बाजू बरोबर आहे. डोळे उघडे. थांबल्यावर आणखी ३० सेकंद तसेच पडून राहा. आई इथे दर वेळी माझं मनगट आवळायची, तेव्हा सोबतच्या माणसाने मोठ्याने आकडे मोजत राहावं, त्याने फार धीर येतो.

आता डोकं न उचलता डावीकडे वळवा, पूर्ण ९० अंश, म्हणजे नाक आता डाव्या बाजूला ४५ अंशावर. ३० सेकंद.

मग डाव्या कुशीवर वळा आणि डोकं शरीरासोबत तसंच आणखी वळू द्या, नाक जमिनीकडे. कधी कधी इथे पुन्हा फिरतं. ३० सेकंद.

शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून डावीकडूनच, पाय पलंगाखाली सोडत, हळू उठून बसा. पाच मिनिटं तिथेच बसा, लगेच उभं राहायचं नाही, उठताना जोराचा झोक जाऊ शकतो.

डावा कान असेल तर सगळं उलट. दिवसातून एक ते तीन वेळा, २४ तास गरगर आली नाही की बंद. आठवडाभरात फरक पडला नाही तर परत डॉक्टर, कदाचित नळी दुसरी असेल. त्या दिवशी ओपीडीत आईचं एकाच वेळेत काम झालं, पण दोन-तीन वेळा करावं लागणंही नेहमीचंच आहे, म्हणून पहिल्या वेळी थांबलं नाही तर निराश होऊ नका.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी सोपा व्यायाम आहे. पलंगाच्या कडेवर बसायचं, नाक थोडं वर ठेवून एका कुशीवर पटकन आडवं व्हायचं, ३० सेकंद, उठून ३० सेकंद, मग दुसरी कूस. असं पाच वेळा, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. याचा गुण एपलीपेक्षा कमी आणि उशिरा येतो.

नंतरचे दिवस

खडे जागेवर गेले तरी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, पाण्यावर चालल्यासारखं वाटतं. त्रास परत आला असं समजून माणूस मान ताठ करून बसून राहतो, तसं करू नका, रोज थोडं चालायला न्या, मेंदूला नवा अंदाज बसायला हालचालच लागते. पूर्वी दोन रात्री बसून झोपायला सांगायचे, आता त्याची गरज मानत नाहीत.

पडण्याला मात्र जपा. एका घेरीत खुब्याचं हाड मोडलं की सगळं घर बदलून जातं. बाथरूमच्या रस्त्यावर रात्रीचा छोटा दिवा, उठताना पलंगावर मिनिटभर बसणं, स्टुलावर चढणं बंद, रोजचे डबे माळ्यावरून खालच्या फळीवर, त्रासाच्या दिवसांत टू-व्हीलर नाही.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर हे खडे वारंवार सुटतात असं दिसलंय. २०२० साली दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचं ड कमी होतं त्यांना ड आणि कॅल्शियम दिल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं होतं. तेव्हा एकदा रक्त तपासा. पण ६०,००० युनिटचं पाकीट डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलं की आठच, आपल्याकडे मेडिकलमधून आणून वर्षभर घेणारे लोक आहेत आणि त्याने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

हे पुन्हा होऊ शकतं, काही वर्षांत बऱ्याच जणांना होतं. आईला चौदा महिन्यांनी परत झालं, या वेळी डाव्या कुशीवर. तिने मला फोन केला तेव्हा आवाज घाबरलेला नव्हता, म्हणाली, "डावीकडे वळल्यावर, वीस सेकंद, ऐकू नीट येतंय, बोलणं ठीक आहे." संध्याकाळी त्याच डॉक्टरांकडे गेलो. कपाटाच्या दाराला आतून तिने कागद चिकटवलाय, त्यावर तारीख, कोणता कान, किती वेळा करावं लागलं, आणि खाली मोठ्या अक्षरात डॉक्टरांचा नंबर आणि १०८.